जुन्या यंत्रांचे वाचन : संगणकाचे सिम्युलेटर आणि ग्रंथालयांचे काम

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत संगणकाच्या प्रोसेसरचा आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय पाहून काही सभासदांना नवल वाटले असेल. ग्रंथालयाच्या शंभराव्या वर्षी संतवाङ्मयावर, नाटकावर, फार तर मुद्रणाच्या इतिहासावर बोलले जावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या संस्थेने महाराष्ट्राबाहेर राहून शंभर वर्षे मराठी ग्रंथ जपले, तिला एका प्रश्नाची ओळख इतरांपेक्षा अधिक आहे. लिहिलेले जपले, पण ते वाचू शकणारा उरला नाही, तर जपलेल्याचे काय होते, हा तो प्रश्न. संगणकाच्या जगाला हाच प्रश्न अवघ्या साठ-सत्तर वर्षांत भेडसावू लागला, आणि त्यावर तेथील मंडळींनी शोधलेले उत्तर म्हणजे सिम्युलेटर. ते उत्तर कसे काम करते, कोठे अडते आणि त्यात ग्रंथालयांचा वाटा कोणता, एवढाच आजच्या विवेचनाचा आवाका आहे.

मोडी लिपीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल रचून ठेवलेले आहेत. कागद टिकला, शाई टिकली. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि ते कागद वाचणारे हात झपाट्याने कमी झाले. आज एखाद्या घरी पणजोबांच्या हातचे खत सापडते तेव्हा ते डोळ्यांपुढे असूनही मुके असते. तरीही मोडीच्या बाबतीत एक दिलासा आहे. मोडीची बाराखडी छापील पुस्तकांत सुरक्षित आहे. चिकाटीने बसणाऱ्याला ती काही महिन्यांत शिकता येते. संगणकाने लिहिलेल्या मजकुराचे तसे नाही. तो वाचण्यासाठी माणसाने लिपी शिकून भागत नाही. त्याला त्याच जातीचे यंत्र लागते.

हे का, ते समजण्यासाठी यंत्राच्या आत थोडे डोकावले पाहिजे. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे ठरावीक आज्ञा ओळखणारा एक कामकरी होय. स्मृतीच्या अमुक खान्यातील संख्या उचल, तीत दुसरी मिळव, बेरीज शून्य आली तर तमुक आज्ञेकडे जा, अशा त्या साध्या आज्ञा असतात आणि त्या प्रत्येकीला एक सांकेतिक अंक असतो. सर्व सॉफ्टवेअर अखेरीस या अंकांच्या रांगा असतात. मात्र प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरचे अंक वेगळे. एका घराण्यात जो अंक बेरजेचा, तो दुसऱ्यात उडी मारण्याचा असेल, किंवा निरर्थकही असेल. म्हणून एका यंत्रासाठी तयार झालेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रापुढे ठेवली की तिची अवस्था त्या मोडी खतासारखी होते.

या आज्ञांचा संच, प्रोसेसरमधील रजिस्टर नावाचे मोजके खाने आणि स्मृतीची मांडणी यांना मिळून आर्किटेक्चर म्हणतात. हा शब्द संगणकशास्त्रात रुळला तो 1964 मधील एका लेखामुळे. आयबीएम कंपनीच्या सिस्टीम 360 या यंत्रमालिकेविषयी जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांनी तो लिहिला होता. आज्ञावली लिहिणाऱ्याला यंत्र जसे दिसते ते त्याचे आर्किटेक्चर, आणि आतील तारा व मंडले कशी जुळवली आहेत ती गोष्ट वेगळी, असा भेद त्यांनी केला. पेटीचा दाखला घेतला तर हा भेद सहज कळतो. वाजवणाऱ्याला कोणती पट्टी कोणत्या स्वराची हे कळले म्हणजे पुरे. आतला भाता कातडी आहे की कापडी, सूर कोठून मागवले आहेत, याने बंदिश बदलत नाही. सिस्टीम 360 च्या लहान आणि मोठ्या यंत्रांची आतील रचना निरनिराळी होती, पण पट्ट्या त्याच होत्या. म्हणून लहान यंत्रावरची आज्ञावली मोठ्या यंत्रावर चालत असे.

या भेदातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आर्किटेक्चर हे धातूचे नसते, ते वर्णनाचे असते. ते कागदावर लिहून काढता येते. आणि जे नेमके लिहून काढता येते, त्याप्रमाणे वागण्याचे काम दुसऱ्या यंत्रालाही सांगता येते. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने 1936 साली, म्हणजे आजच्या अर्थाचा एकही संगणक अस्तित्वात नसताना, हे सिद्ध करून ठेवले होते. कोणत्याही गणनयंत्राचे वर्णन हाती दिले असता त्या यंत्रासारखे वागू शकेल असे एक सर्वसमावेशक यंत्र कल्पिता येते, असे त्याने दाखवले. सिम्युलेटर म्हणजे त्या कल्पनेचे व्यवहारातले रूप.

सिम्युलेटरचे मूळ काम मोठे गूढ नाही. आजच्या संगणकावर एक आज्ञावली लिहितात. जुन्या यंत्राची स्मृती म्हणून ती अंकांचा एक लांब तक्ता मांडते आणि जुन्या रजिस्टरांच्या जागी काही खाने ठेवते. मग ती तक्त्यातून जुनी आज्ञा उचलते, तिचा अर्थ लावते, जुन्या यंत्राने जो फरक केला असता तोच आपल्या तक्त्यात करते आणि पुढच्या आज्ञेकडे वळते. जुन्या एका आज्ञेसाठी नव्या यंत्राला अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात. त्यामुळे सिम्युलेटर मूळ गतीच्या मानाने मंद असतो. परंतु जुनी यंत्रे आजच्या तुलनेत इतकी संथ होती की पुष्कळदा हा तोटा जाणवतही नाही.

या विद्येचा पहिला मोठा उपयोग झाला तो व्यापारात. आयबीएमचे 1401 हे यंत्र 1959 मध्ये बाजारात आले आणि दहा हजारांहून अधिक कचेऱ्यांत पोहोचले. पगारपत्रके, विम्याच्या नोंदी, मालाचे हिशेब, सारे त्यावर चाले. 1964 मध्ये त्याच कंपनीने सिस्टीम 360 जाहीर केली, तेव्हा तिचे आर्किटेक्चर 1401 शी मुळीच जुळत नव्हते. 1401 दशमान पद्धतीने एकेका अक्षरावर काम करी आणि संख्येची लांबी खुणेने ठरवी. नवे यंत्र आठ बिटांचे बाइट आणि बत्तीस बिटांचे शब्द धरून चाले. ग्राहकांनी वर्षानुवर्षे लिहून घेतलेल्या आज्ञावल्या अशा रीतीने एका दिवसात जुन्या ठरणार होत्या. त्यातच हनीवेल कंपनीने डिसेंबर 1963 मध्ये 1401 च्या आज्ञावल्या सहज सामावून घेणारे आपले 200 हे यंत्र जाहीर केले होते. ग्राहक तिकडे वळण्याचे भय खरे होते. तेव्हा सिस्टीम 360 च्या मॉडेल 30 मध्ये 1401 चे अनुकरण करण्याची सोय थेट प्रोसेसरच्या आतील सूक्ष्म आज्ञांत बसवण्यात आली. नवे यंत्र घेतलेल्या कचेरीत जुने पगारपत्रक विनातक्रार निघू लागले. यंत्र बदलते, पण माणसाने त्यावर केलेले काम टाकून देता येत नाही, हा धडा त्या काळीच मिळाला.

दुसरी गोष्ट 1975 ची. आल्टेअर 8800 या छोट्या संगणकाचे चित्र त्या वर्षी जानेवारीत एका अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्यात इंटेलचा 8080 हा प्रोसेसर होता. पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोघा तरुणांनी त्यासाठी बेसिक ही भाषा तयार करून देण्याचे कबूल केले, पण त्यांच्याजवळ ते यंत्रही नव्हते आणि तो प्रोसेसरही नव्हता. ॲलन यांनी 8080 च्या छापील माहितीपुस्तिकेवरून हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-10 या मोठ्या संगणकावर त्या प्रोसेसरचा सिम्युलेटर लिहिला. बेसिकची सारी जुळणी त्या लटक्या प्रोसेसरवर झाली. नंतर ॲलन कागदी फीत घेऊन विमानाने अल्बुकर्कला गेले आणि खऱ्या आल्टेअरवर ती प्रथमच चढवली. दोन अधिक दोन छापण्यास सांगताच यंत्राने चार छापले. एका पुस्तिकेतील वर्णन अचूक होते आणि ते अचूक वाचले गेले, एवढ्यावर हे यश उभे होते.

येथवर ऐकून असे वाटेल की प्रोसेसरच्या आज्ञा बिनचूक वठवल्या की काम संपले. आल्टेअरच्या बाबतीत ते खरे होते, कारण त्या बेसिकला मध्यस्थाची गरज नव्हती. ते थेट यंत्राशी बोले. परंतु बहुतेक यंत्रांत आज्ञावली आणि यंत्र यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टीम उभी असते, आणि सिम्युलेटर लिहिणाऱ्यांची खरी कसोटी तेथे लागते.

ऑपरेटिंग सिस्टीमला जुन्या वाड्यातील कारभाऱ्याची उपमा शोभेल. वाड्यातील माणसे स्वतः कोठारात जात नाहीत. धान्य हवे, जागा हवी, निरोप पाठवावयाचा, तर कारभाऱ्याला सांगावयाचे. आज्ञावलीही तसेच करते. फाइल उघड, स्मृती दे, पडद्यावर अक्षरे लिही, अशा मागण्या ती ऑपरेटिंग सिस्टीमकडे करते. बेरीज-वजाबाकी मात्र ती थेट प्रोसेसरकडून करून घेते.

आता जुन्या वाड्यातील एखाद्या माणसाला नव्या घरी नांदवावयाचे, तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग बदली कारभाऱ्याचा. सिम्युलेटर प्रोसेसरच्या साध्या आज्ञा स्वतः वठवतो, आणि आज्ञावलीने कारभाऱ्याला हाक मारली की ती हाक मध्येच झेलून आजच्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे पोहोचवतो. तिचे उत्तर जुन्या रीतीने सजवून परत देतो. आत बसलेल्या आज्ञावलीला पालट कळतही नाही. हा मार्ग जलद आणि सोपा आहे. ॲपल कंपनीने 2020 मध्ये आपल्या संगणकांचे प्रोसेसर बदलले, तेव्हा इंटेलसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या चालाव्यात म्हणून दिलेली रोझेटा 2 ही सोय तत्त्वतः या जातीची आहे. ती सामान्य आज्ञावल्यांचे रूपांतर करते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरणाऱ्या भागांना ती हात लावत नाही.

दुसरा मार्ग संपूर्ण वाडाच पुन्हा उभारण्याचा आहे, म्हणजे मूळ कारभारी स्वतः येऊन कामाला लागेल. येथे सिम्युलेटरवर खरी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चढवतात. पण कारभाऱ्याच्या गरजा इतरांहून फार निराळ्या असतात. सामान्य आज्ञावलीला वर्ज्य असलेल्या काही खास आज्ञा त्याला लागतात, आणि त्या कोणाला मोकळ्या व कोणाला बंद याचा नियम प्रोसेसरने पाळावा लागतो. स्मृतीचे पत्ते बदलण्याची यंत्रणा त्याला लागते, कारण प्रत्येक आज्ञावलीला आपली स्मृती शून्यापासून सुरू होते असे भासवून प्रत्यक्षात तिला भलतीकडे जागा देण्याचे काम तो करतो. ठरावीक वेळाने टोला देणारे घड्याळ लागते. तो टोला पडताच चालू काम थांबवून दुसऱ्याची पाळी लावता येते. कोणी कळ दाबली, चकतीवरून मजकूर आला, तर त्याची वर्दी देणारे संकेत लागतात. आणि चकती, फीत, टंकयंत्र, छपाईयंत्र यांपैकी प्रत्येकाशी बोलण्याचे नियंत्रक खाने हुबेहूब जुन्या जागी असावे लागतात. यांतील एखादी गोष्ट किंचित चुकली तरी बेरजा बिनचूक होत राहतात, परंतु ऑपरेटिंग सिस्टीम उठत नाही. ती आपल्या ओळखीचे घड्याळ शोधते, ते न सापडल्याने वाट पाहत बसते, आणि पडदा कोराच राहतो.

संशोधकांनी हे दोन्ही मार्ग कसोशीने धुंडाळले आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठात वाढलेला सिंपलस्केलर हा सिम्युलेटर पहिल्या मार्गाचा होता. नव्या प्रोसेसरची कल्पना प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी पारखण्यासाठी तो जगभर वापरला गेला. पण त्यात एक उणीव राहत असे. मोठ्या कामांत प्रोसेसरचा बराच वेळ कारभाऱ्याच्याच कामात जातो, आणि बदली कारभारी नेमला की तो वेळ मोजमापातून निसटतो. म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात सिमओएस तयार केले. मिप्स जातीच्या प्रोसेसरचे संपूर्ण यंत्र त्यात उभे राही आणि सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची आयरिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर चाले. रोझेनब्लम पुढे 1998 मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. एका यंत्रात अनेक यंत्रे भासवण्याचा जो व्यवसाय त्यातून फोफावला, त्यावर आज जगातील मोठमोठी संगणक-केंद्रे चालतात. स्वीडनमध्येही याच सुमारास सिमिक्स हा सिम्युलेटर घडला आणि 1998 च्या एका निबंधात त्याने सन कंपनीच्या यंत्राचे रूप घेऊन लिनक्स व सोलारिस चालवल्याचे दाखवले गेले.

या दोन मार्गांतले अंतर किती आहे, हे एका आकड्यावरून दिसते. मिशिगन विद्यापीठाचा एम5 आणि विस्कॉन्सिनचा जेम्स या दोन प्रकल्पांच्या संगमातून जेम5 हा सिम्युलेटर निघाला. 2011 मध्ये त्याचा परिचय करून देणारा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा तो अल्फा, आर्म, स्पार्क, मिप्स, पॉवर आणि एक्स86 अशा सहा आर्किटेक्चरांच्या आज्ञा जाणत होता. परंतु त्यांपैकी लिनक्स उठून चालू होत असे ती तिनांवरच, म्हणजे आर्म, अल्फा आणि एक्स86 यांवर. त्या विषयातील निष्णात मंडळी एकत्र येऊनही भाषा सहा अवगत आणि पूर्ण घर उभे तिनांचे, असे ते प्रमाण होते.

आता या साऱ्या तांत्रिक विवेचनाचा ग्रंथालयाशी संबंध कोठे येतो, ते सांगणारी एक हकीकत ऐकण्याजोगी आहे. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम 1969 पासून अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवली. आजचे बहुतेक मोबाइल फोन आणि इंटरनेटवरील असंख्य संगणक तिच्या वंशजांवर किंवा तिच्या धर्तीवर बेतलेल्या प्रणालींवर चालतात. 1971 मध्ये ती पीडीपी-11/20 या यंत्रावर चाले. त्या यंत्राची स्मृती 24 हजार बाइटांची आणि चकती 512 हजार बाइटांची होती. या पहिल्या आवृत्तीच्या गाभ्याची चालू प्रत पुढे कोठेही उरली नाही. ज्या कृतीने जगाचा कारभार बदलला, तिचे आरंभीचे रूप चाळीस वर्षांच्या आत नाहीसे झाले होते.

उरली होती ती एक छापील संहिता. 1972 च्या जूनमधील एका अंतर्गत दस्तऐवजात त्या गाभ्याच्या सर्व आज्ञा ओळीने छापलेल्या होत्या. कोणीतरी तो कागदी गठ्ठा फेकून दिला नाही, म्हणून पुढचे घडले. जुन्या युनिक्सचे जतन करणाऱ्या एका हौशी मंडळींच्या गटाने 2008 मध्ये त्याच्या पानांच्या प्रतिमांवर काम सुरू केले. यंत्राने वाचलेली अक्षरे पुसट छपाईमुळे जागोजागी चुकत होती. स्वयंसेवकांनी पाने वाटून घेतली आणि जुन्या पोथीचे संपादक करतात तसे अक्षरन् अक्षर मुळाशी ताडून पाहिले.

पाठ शुद्ध झाला, पण तो चालवावयाचा कशावर? येथे सिम्युलेटरचे दोन्ही मार्ग उपयोगी पडले. आज्ञांचे अंकांत रूपांतर करणारी जुन्या युनिक्समधील आज्ञावली चालवण्यासाठी अपाऊट या छोट्या सिम्युलेटरचा आधार घेतला गेला. तो बदली कारभाऱ्याच्या जातीचा आहे. तयार झालेला गाभा चालवण्यासाठी मात्र संपूर्ण पीडीपी-11 हवा होता. ती गरज सिमएच या सिम्युलेटर-संग्रहाने भागवली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत उच्चपदी काम केलेले बॉब सुपनिक यांनी 1993 पासून या संग्रहाचे काम आरंभले आणि अनेकांच्या हातभाराने त्यात पीडीपी-8, पीडीपी-11, व्हॅक्स अशी डझनावारी यंत्रे आली.

तरीही एक अडचण उभी राहिली. 11/20 च्या प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराच्या आज्ञा नव्हत्या. त्यासाठी केई11-ए नावाचे वेगळे उपकरण जोडत असत, आणि युनिक्सचा तो गाभा त्यावर अवलंबून होता. सिमएचमध्ये ते उपकरण नव्हते, कारण तोपर्यंत कोणाला त्याची गरज पडली नव्हती. प्रोसेसर तयार, पाठ तयार, पण एका विसरलेल्या जोडउपकरणापायी ऑपरेटिंग सिस्टीम अडलेली. अखेर त्या उपकरणाचे वर्तन जुन्या माहितीवरून लिहून सिम्युलेटरमध्ये घालण्यात आले. जपून राहिलेल्या काही जुन्या चुंबकीय फितींतून त्या काळच्या लहानसहान आज्ञावल्या मिळाल्या. मग ती 1972 ची युनिक्स उठली आणि तिने वापरणाऱ्याचे नाव विचारले. कायद्याची वाटही आधीच मोकळी झाली होती; 2002 मध्ये तेव्हाचे हक्कधारक असलेल्या कॅल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्सच्या संहिता मोकळ्या परवान्याने दिल्या होत्या.

या हकीकतीत कोणते दुवे कामी आले, ते मोजून पाहावे. छापील संहिता, यंत्राची छापील माहितीपुस्तिका, काही जुन्या फिती, हक्कांची मोकळीक आणि पाठशुद्धीला बसणारी माणसे. यांपैकी एकही दुवा तुटता तर सिम्युलेटरचे सारे कौशल्य व्यर्थ जाते. यांतले पहिले दोन दुवे निव्वळ कागदाचे आहेत, ही गोष्ट ग्रंथालयाने मनात धरावी.

उलट बाजूचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. विल्यम राजाने 1086 मध्ये आपल्या राज्याची पाहणी करून चर्मपत्रावर जो ग्रंथ लिहवला, तो डूम्सडे बुक म्हणून ओळखला जातो. त्याच्या नवशेव्या वर्षी, 1986 मध्ये, बीबीसीने देशाची नवी पाहणी करून ती लेसर तबकड्यांवर नोंदवली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ, त्यात भाग घेतला. त्या तबकड्या वाचण्यासाठी बीबीसी मास्टर हा संगणक आणि विशेष जातीचे तबकडीयंत्र लागे. पंधरा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली. मुलांनी लिहिलेली गावांची वर्णने मुकी होण्याच्या बेतात आली, आणि नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र उघडून वाचता येत होते. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संयुक्त प्रकल्पाने 2002 मध्ये त्या यंत्राचा सिम्युलेटर दाखवला तेव्हा ती तबकडी पुन्हा बोलू लागली. आणखी उशीर झाला असता तर यंत्राचे वर्तन सांगणारी माणसे मिळणेही अधिक कठीण झाले असते.

मराठी वाचकाने हे दूरचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. 1985 ते 2005 या काळात मराठी मजकूर संगणकावर आला तो नाना वाटांनी. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड डॉसवर चालणाऱ्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. दुसरीकडे छपाईसाठी तयार झालेल्या कित्येक फॉन्टांनी आपापल्या सोयीने अंक वाटून घेतले होते. एका फॉन्टातला 'क' दुसऱ्यात भलतेच अक्षर होई. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण 1991 मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि युनिकोडची देवनागरीही त्याच वर्षीची, परंतु ती सर्वत्र रुळण्यास पुढची पंधरा-वीस वर्षे गेली. मधल्या काळातील दिवाळी अंक, स्मरणिका, कोश, प्रबंध आणि ग्रंथालयांच्या याद्या यांच्या फाइली फ्लॉप्यांवर राहिल्या. जेथे मजकूर प्रसिद्ध प्रमाणात आहे, तेथे सिम्युलेटरची फारशी गरज नाही. प्रमाणाची पुस्तिका हाती घेऊन रूपांतर करता येते. जेथे फॉन्टचा कोठेही लिहून न ठेवलेला संकेत आहे, किंवा मजकूर एखाद्या खास आज्ञावलीच्या पोटात आहे, तेथे जुना संगणक, त्याची डॉस, त्यावरची ती आज्ञावली आणि प्रसंगी ते कार्ड, असा सारा वाडा उभारावा लागतो. डॉसचा संगणक भासवणारे सिम्युलेटर विनामूल्य मिळतात. पण केई11-ए प्रमाणे एखादे जोडउपकरण त्यांत नसेल, तर त्याची माहिती कोणीतरी जपलेली असावी लागते.

सिम्युलेटर म्हणजे अमरत्वाचे वरदान, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. तो स्वतःच एक आज्ञावली असतो आणि त्यालाही यंत्र लागते. आजचे यंत्र उद्या जुने होईल, तेव्हा त्यालाही नव्या यंत्रावर न्यावे लागेल. पोथीची नक्कल जशी पिढीगणिक करावी लागे, तसेच हे काम आहे. एवढेच की शेकडो जुन्या आज्ञावल्या एकेक करून बदलण्याऐवजी एक सिम्युलेटर बदलला की त्या सगळ्या त्याच्या पाठीवर बसून पुढच्या काळात येतात.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाच्या चालकांपुढे तीन साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. सभासदांच्या आणि स्थानिक संस्थांच्या घरी पडलेल्या फ्लॉप्या व तबकड्या विचारून गोळा कराव्यात आणि त्यांवरील मजकुराच्या जशाच्या तशा प्रती लवकर काढून घ्याव्यात, कारण चुंबकीय नोंद कागदाइतका धीर धरत नाही. प्रत्येक फाइलीबरोबर ती कोणत्या संगणकावर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, कोणत्या आज्ञावलीने आणि कोणत्या फॉन्टात केली, हे एका कार्डावर लिहून ठेवावे. ज्यांनी ते टंकन केले ती माणसे अजून हयात आहेत, त्यांना आजच विचारता येईल. आणि तिसरी गोष्ट जुन्या माहितीपुस्तिकांची. संगणकाबरोबर, छपाईयंत्राबरोबर, फॉन्टाच्या तबकडीबरोबर आलेल्या या पुस्तिकांना ग्रंथ म्हणून कोणी मानत नाही, आणि कपाट आवरताना रद्दीत पहिल्या त्याच जातात. त्यांना दाखलनोंदवहीत क्रमांक द्यावा आणि फळीवर जागा द्यावी.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय स्थापन केले, त्यांनी आपल्या नातवंडांना मराठी वाचता येईल हे गृहीत धरले होते, आणि या संस्थेच्या वाचकांनी ते गृहीत खरे ठरवले. येणाऱ्या शंभर वर्षांच्या वाचकाला या काळातील मराठी मजकूर वाचता येईल की नाही, हे त्याच्या हुशारीवर फारसे अवलंबून नाही. यंत्र कसे चालत होते याचा कागद त्याला येथे, या कपाटांत, सापडतो की नाही, यावर ते अवलंबून आहे.